तान्ह्या बाईसाहेब

सुलाबाईला गावं ठाऊक होती ती पायांनी. आटपाडीपलीकडचा तिचा माळ मागे पडून विटा गाव येई तोवर टाचा उललेल्या असत. पुढे कृष्णेच्या खोऱ्यात उतरलं की पायाखाली काळी, मऊ, गार माती लागे, आणि डोळे मिटलेले असले तरी तिला कळे, की आता उसाचा वास येणार. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन मावळतीकडे निघायचं आणि मृग लागायच्या आत माघारी फिरायचं, एवढंच तिचं आयुष्य. लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती, की पहिल्या वर्षीची निम्मी वाट तिने तट्टावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसून काढली होती.

त्याच वर्षी तिने छत्र्या पहिल्यांदा पाहिल्या. उंब्रजच्या अलीकडे, नदी वळसा घेते तिथे कुरणगाव आहे. त्याच्या शिवेवर गावच्या जुन्या सरदार घराण्याच्या समाध्यांच्या या दगडी छत्र्या आहेत. सकाळची वेळ होती, नदीवर धुकं दाटलं होतं, आणि त्या धुक्यावर काळ्या दगडांचे घुमट नुसते तरंगत होते. खाली खांब नाहीत, भिंत नाही, जमीन नाही.

"आत्याबाई, ही कुनाची घरं?" तिने सासूला विचारलं.

"मेलेल्या मोठ्या मानसांची."

"ती आत ऱ्हात्यात?"

"ऱ्हात असत्याल. आपल्याला काय करायचंय? कोंबडी सांभाळ."

कोंबडी सांभाळत ती मागे वळून पाहत राहिली. मोठी माणसं मेल्यावरही घर बांधून राहतात ही गोष्ट तिच्या मनात त्या दिवशी जी शिरली, ती पुढे मोठी झाल्यावरही गेली नाही. दरवर्षी त्या वळणावर आलं की ती जरा हळू बोले. पहाटे कुत्री उगाच भुंकली तर तिला वाटे, सरदार उठले असतील, नदीवर तोंड धुवायला निघाले असतील.

मग दुष्काळाचं साल आलं, बाहत्तरचं. दिवाळीची वाट न बघता मेंढरं निघाली, कारण माळावर चघळायला काटासुद्धा उरला नव्हता. सुलाबाईच्या ओटीत श्रावणात झालेली मुलगी होती. दोन मुलांच्या पाठीवर झालेली. वाटेत सुलाबाईचं दूध आटलं. मेंढ्यांचंही आटलं. पोरीला ताप आला, उतरला, पुन्हा आला. कुरणगावच्या वळणावर झुंजूमुंजू होत असताना सुलाबाईच्या लक्षात आलं, की पाठीवरच्या झोळीतलं वजन तेच आहे, पण ऊब नाही.

सगळीकडची जमीन लोखंडासारखी झाली होती. छत्र्यांच्या आवाराच्या भिंतीला लागून तेवढा नदीने कधीकाळी आणून टाकलेला गाळ होता. तिच्या नवऱ्याने, बिराप्पाने, तिथे कुऱ्हाडीने आणि हातांनी उकरलं. कोपर बुडेल एवढंच जमलं, खाली दगड लागला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर नदीतले गोल धोंडे रचले, त्यावर बाभळीची फांदी टाकली. सुलाबाईने नवऱ्याच्या कमरेच्या पिशवीकडे हात केला. त्या पिशवीत बिरोबाचा भंडारा असे.

"नगं सुले," सासू म्हणाली. "तान्ह्या लेकराच्या मातीवर निशानी ठिवू नये. अडकून ऱ्हातं ते. मोकळं सोड त्याला."

बिराप्पाने पिशवीचं तोंड सोडून बायकोपुढे धरलं. सुलाबाईने चिमूटभर भंडारा वरच्या धोंड्याला लावला, आणि ती मेंढरांमागे चालू लागली.

पुढच्या वर्षी येताना आणि जाताना तिने तो धोंडा पिवळाजर्द होईपर्यंत माखला. त्यानंतर दोन वर्षं मात्र दिरांच्या मनाने मेंढरं पाटणच्या अंगाने गेली आणि कुरणगाव चुकलं. सासूही त्याच वाटेवर वारली. वाट ठरवणं पुरुषांचं काम होतं. पण चालताना सुलाबाईचा एक कान नेहमी नदीच्या बाजूला असे.

गावोगावच्या भिंतींवर कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले होते, त्या वर्षी वाडा पुन्हा कृष्णाकाठाने आला. धनगरांचा वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. तट्टू, कोंबड्या, पोरं, भांडी आणि मेंढरं कोंडायची दोरखंडी जाळी, एवढा मिळून वाडा. कुरणगावच्या हंबीररावांचं रान भुईमूग काढून मोकळं झालं होतं. लेंड्यांचं खत मिळावं म्हणून त्यांनी मेंढरं बसवायला बोलावलं होतं. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, उसाचे धनी. सारं गाव त्यांना सुभेदार म्हणे.

मेंढरं बसल्यावर सुलाबाई एक अशक्त कोकरू काखेत मारून छत्र्यांकडे निघाली. भिंतीपाशी आली आणि तिला वाटलं, आपण वाट चुकलो. त्या जागेवर वाकलेल्या बाभळीला हाताएवढे लाकडी पाळणे टांगले होते. हिरवे, तांबडे, काही नवे, काही उन्हापावसाने विटलेले. वाऱ्यावर ते हलत होते. खणांचे तुकडे होते, बांगड्या होत्या. खाली धोंड्यांभोवती सारवून रांगोळी काढली होती. ती खाली बसली आणि तिने धोंडे ओळखले. तेच होते. वरच्यावर हळद होती, कुंकू होतं, झेंडूची माळ होती.

तेवढ्यात आवारात शिट्टी वाजली. साताऱ्याहून एका शाळेची सहल आली होती. पुढे हातात मिटलेली छत्री घेऊन कोंडीबा गुरव चालला होता. छत्र्यांची झाडलोट, दिवाबत्ती आणि आल्यागेल्याला माहिती सांगणं हे त्याच्याकडे बापापासून आलेलं काम.

"हां पोरांनो, पायतानं हितंच काढा. हे आपलं सरदार. लढाईत पडलं, पर घोडीवरनं न्हाई पडलं. जीव गेला तरी मांड सुटली न्हाई. घोडीनंच घरला आनलं."

"मेल्यावर कसे बसले हो ते?" एका मुलाने विचारलं.

"तू गुरुजींच्या तासाला कसा बसतोस? तसंच!"

पोरं खिदळली. गुरुजीही तोंड फिरवून हसले. कोंडीबाने मग घोडीची समाधी दाखवली, तिच्यावर कोरलेला खूर दाखवला. मालकामागे तिने दाण्याला तोंड लावलं नाही, असं तो म्हणाला. मग गदा कोरलेली पैलवानाची समाधी. "ह्याला चार खांदं पुरलं न्हाईत. बैलगाडी आनली, तर बैलंच बसली." मग नायकिणीची. "हिच्या दगडाला कान लावा. गुमान. आलं का चाळ ऐकू?" पोरांनी रांगेने कान लावले. गुरुजींनीही लावला आणि थोडा जास्तच वेळ ठेवला.

मग भिंतीतल्या दिंडी-दरवाजातून सगळे बाहेर आले, सुलाबाई होती तिथे. ती उठून बाजूला झाली.

"आनि ह्या आपल्या तान्ह्या बाईसाब," कोंडीबा म्हणाला, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. "सरदारांची धाकटी लेक. पाळन्यातच गेल्या. सात दायी हुत्या दिमतीला, पाळन्याला सोन्याची साखळी हुती. पर राह्याच्या न्हवत्या. ह्यांना आत छत्रीत का न्हाई ठिवलं? तर जाताना नदीकडं बोट केलं म्हनत्यात. म्हनून हितं. पानी दिसतंय बगा. ज्या बाईला मूल न्हाई तिनं ह्यांना पाळना बोलावा. देत्यात. माधवनगरच्या गिरनीतली मानसं येत्यात पार हितवर."

सुलाबाईच्या काखेतलं कोकरू ओरडलं. सगळी पोरं वळून बघू लागली.

"ये बाई, मेंढरू लांब घे," कोंडीबा म्हणाला. "हितं मोठी मानसं निजल्यात."

ती लांब गेली. संध्याकाळी भाकरी थापताना तिने बिराप्पाला सगळं सांगितलं. त्याने चुलीतला जाळ सारखा केला.

"बरंच हाय की," तो म्हणाला. "कोन तरी दिवा लावतंय. आपुन वरसातनं दोनदा येनार."

"पर ती आपली हाय."

"मी न्हाई म्हनतोय व्हय? फकस्त बोलू नगंस. सरदाराच्या भिंतीला आपुन पोर पुरलंय म्हनून कळलं, तर ह्या काठाला परत मेंढरू बसू देनार न्हाईत. अन् त्या बायका? पाळनं बांधल्यालं हाय त्यांनी."

खरं म्हणजे सुलाबाईलाही कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं. रोज सकाळी कोकरं घेऊन ती छत्र्यांच्या बाजूला जाई आणि लांब बांधावर बसे. धुक्यात घुमट सुटे होऊन वर येत आणि बाभळीवरचे पाळणे आपले आपण हलत. पाहुणे आले की कोंडीबाचा आवाज ऐकू येई. बाईसाहेबांची गोष्ट रोज जराशी वाढे. कधी त्यांच्या पाळण्यावर राघू बसलेला असे, कधी त्यांच्यासाठी कोकणातून चंदनाचा खुळखुळा आणलेला असे. सुलाबाई ऐकत राही. हळूहळू तिला ती गोष्ट आपलीशी वाटू लागली. राजवाड्यातली बाईसाहेब आणि घोंगड्यातली तिची पोर, दोघी एकाच धोंड्याखाली एकमेकींना जागा करून निजल्या होत्या. कधी तिला वाटे, खरंच असतील दायी. आपण तिकडे माळावर असतो तेव्हा पाळणा हलवायला कुणी तरी असेलच. कधी बसल्या जागी डोळा लागे, आणि पाळण्याची साखळी वाजून ती जागी होई. ती साखळी म्हणजे गळ्यात घंटा बांधलेली मेंढी असे.

त्याच बांधावरून रोज सकाळी अंजना यायची. हंबीररावांची सून. नवरा फौजेत, वर्षाकाठी एकदा रजेवर यायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून गावाने तिला बोलून बोलून अर्धी केली होती. गेल्या साली तिने बाईसाहेबांना पाळणा बोलला होता, आणि आता तिला सातवा महिना होता. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती सावकाश चाले. धोंड्यांना हळदकुंकू वाहून झालं की दम खायला सुलाबाईजवळ बसे.

"तुमाला किती हायत, सुलाबाई?"

"दोन ल्योक हायत. म्होरं रानात हायत मेंढराकडं."

"लेक न्हाई?"

सुलाबाईने कोकराच्या कानातली गोचीड काढली. "मेंढरात लेकीचं हाल हुत्यात बाई."

"मला लेकच पायजे," अंजना म्हणाली. "बाईसाबांसारखी. मामंजींना कळू देऊ नगा, त्यांना नातू फौजंत घालायचाय." मग हसून म्हणाली, "मामंजींनी तर पोर व्हायच्या आधीच नवस फेडायचं काढलंय. कट्टा बांधनार हायत हितं. वर छत्री, आतल्यासारखी. सोमवारी उंब्रजचं गवंडी येनार. नदीकाठ हाय म्हनून पाया कंबरंएवढा खोल घ्यायचा म्हनत्यात."

सुलाबाईचा हात कोकराच्या कानावर तसाच राहिला. कंबरेएवढा. बिराप्पाने उकरलं होतं ते कोपराएवढंच होतं.

बिराप्पाने ऐकलं आणि तो उठून दोरखंड गोळा करू लागला.

"वाडा हलवू. डोळ्यानं बगायचं न्हाई म्हनजे झालं."

"तुमी हलवा," सुलाबाई म्हणाली. "मी सांगनार हाय."

इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला असं उत्तर कधी दिलं नव्हतं. तो हातातल्या दोरखंडाकडे बघत राहिला.

रविवारी ती हंबीररावांच्या परड्यात गेली. बनुबाई, म्हणजे सुभेदारांची मंडळी, शेणी थापत बसली होती. बाई आडव्या बांध्याची आणि तोंडाने फाटकी. गावातली माणसं फौजेपेक्षा तिला भीत. पण धनगरवाड्यावर ताक पाठवायला ती कधी विसरत नसे.

"काय गं सुले, शिळ्या भाकरीवानी तोंड करून का उभी? ताक पायजे?"

"ताक नगं आक्का."

"मग काय लोनी काढून ठिवलंय तुज्यासाठी?"

"आक्का, उद्या तितं खनू नगा."

"कुटं?"

"बाईसाबांच्या तितं."

"का गं? धनगरांची हद्द लागली व्हय तितं?"

सुलाबाईने पदर दोन्ही मुठींत धरला. "माझी पोरगी हाय तितं."

"कुटं हाय? आता? खेळाया गेलीया?"

"धोंड्याखाली हाय. दुस्काळात गेली. आमी चाललो हुतो वाटंनं. हितंच तेवढी माती मऊ हुती. भंडारा मीच लावलेला, आक्का. पयला मीच. बाईसाब कोन, कुटनं आल्या, मला ठावं न्हाई. तितं माझी पोर हाय."

बनुबाईचा शेणाचा हात भिंतीपाशी थांबला. घरातून अंजनाचा आवाज येत होता, जात्यावर बसलेल्या मोलकरणीला ती काही तरी सांगून हसत होती. बनुबाईने तिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"हळू बोल, सटवे! सात म्हैन्याची पोटुशी पोर रोज तितं डोकं टेकतीया. ओटी भरली आमी तितं. साऱ्या गावाला जेवान घालायचं ठरलंय. आन् तू आता सांगतीयास की त्ये एक... त्ये कुनाचं तरी..." तिला पुढचा शब्द सापडला नाही, किंवा तिने तो सापडू दिला नाही. "त्या कोंडीबाच्या जिभंला हाड न्हाई! दगूड दिसला की जोडली गोष्ट. अंजनाला काय सांगू मी?"

"सांगू नगा. कुनालाच सांगू नगा. ऱ्हाऊ द्या त्यांच्या बाईसाब. फकस्त खनू नगा. मला दुसरं काय बी नगं."

"खनू नगा! सुभेदार म्हनलं की झालं, लष्करी हुकूम. नगं म्हनायचं तर कारन काय देऊ?"

सुलाबाई जागची हलली नाही. बनुबाईने शेणाचा गोळा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"केवढी हुती?"

"सरावनात झाल्याली. बसाया लागली न्हवती अजून."

"नाव?"

"बारसं माघारी गेल्यावर करनार हुतो."

बनुबाईने तो गोळा उचलून भिंतीवर असा थापला, की पलीकडची कोंबडी उडाली.

"जा," ती म्हणाली. "मेंढरं बग जा तुजी."

एवढंच. सुलाबाई परत आली तेव्हा तट्टावर सामान चढवलं होतं.

सोमवारी धुकं इतकं होतं, की माणसं आवाजांवरून ओळखायची. सुलाबाई भिंतीशी पोहोचली तेव्हा गवंडी दोरी धरून चुन्याची रेघ मारत होता. पिवळ्या धोंड्याभोवती पांढरा चौकोन जवळजवळ पुरा झाला होता. हंबीरराव खाकी कोट घालून उभे होते. कोंडीबाने आरतीचं ताट तयार ठेवलं होतं. गावातल्या बायका हारीने आल्या होत्या, त्यांच्यात अंजनाही होती. धुक्यातून आणखी एक माणूस आला आणि सुलाबाईच्या शेजारी उभा राहिला. बिराप्पा होता. तट्टू तसंच भरलेलं सोडून आला होता.

गवंड्याने कुदळ उचलून कपाळाला लावली. हंबीररावांनी नारळ हातात घेतला.

"थांबा!"

बनुबाई येत होती. नुकती न्हाऊन आलेली, केस ओले, पदर कसाबसा खोचलेला.

"काय झालं?" हंबीरराव वैतागले. "येळ हुतोय हितं."

"बाईसाब आल्या हुत्या," बनुबाई म्हणाली. "पाटंला. माझ्या सपनात."

हंबीररावांनी दोन लढाया पाहिल्या होत्या, पण दृष्टांतापुढे त्यांचाही नारळाचा हात खाली आला.

"काय म्हनल्या?"

"म्हनल्या, मला माडी नगं, छत्री नगं. माझं आभाळ झाकू नगा. मी निजलीया, माझ्या अंगावर कुदळ घालू नगा."

अंजनाचा हात पोटावर गेला. "रागावल्या हुत्या व्हय, आत्याबाई?"

"न्हाई गं बाई. तुज्यावर का रागावतील? तुजं चांगलं हुनार हाय. फकस्त खनू नगा म्हनल्या."

हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर तशीच धरली, पुन्हा घातली. "ऐकलं न्हवं? ठेव ती कुदळ."

"मग आमी आलोय ते?" गवंडी म्हणाला.

"भोवतीनं वरच्यावर दगूड लावून घे. जमिनीला हात लावायचा न्हाई. बोट बी न्हाई."

बिराप्पाने सोडलेला श्वास सुलाबाईने ऐकला. तिने भिंतीला हात लावला. दगड गार आणि ओला होता. एवढ्यावर भागलं असतं. पण कोंडीबाला राहवेना. त्याला उद्यापासून ही गोष्ट सांगायची होती, आणि अर्धीच हाती आलेली गोष्ट त्याच्या काय कामाची?

"वैनी, दिसाया कशा हुत्या बाईसाब?"

बनुबाईने तोंड उघडलं आणि ती अडली. एवढी तयारी तिने केली नव्हती. तिची नजर माणसांवरून फिरत भिंतीशी उभ्या असलेल्या सुलाबाईपाशी आली, आणि तिथे थांबली.

"मोट्या झाल्यात," ती सावकाश म्हणाली. "चार-पाच वरसाच्या असतील. परकर हुता. गुडघ्याला खरचटल्यालं हुतं. अंगावर घोंगडं घेतल्यालं."

"घोंगडं?" कोंडीबा म्हणाला. "सरदारांच्या लेकीच्या अंगावर घोंगडं?"

"मग? नदीकाठाला थंडी नसती व्हय? तू नेऊन दिलतीस का रं शाल?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कोंडीबाही हसला आणि घोंगडं त्याने मनातल्या मनात लावून घेतलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आनि म्हनल्या," बनुबाई गर्दीकडे न बघता बोलत होती, "मेंढरं काठाला येत्यात तवा त्यांच्यातल्या बाईनं पयला भंडारा लावावा. मग बाकीच्यांनी. मला त्योच आवडतो."

सगळे सुलाबाईकडे वळले. बिराप्पाने कमरेची पिशवी सोडली. सुलाबाई पुढे झाली आणि चुन्याच्या अर्ध्या चौकोनात बसली. सगळ्या गावासमोर, कुणी लांब हो म्हणत नसताना, तिने धोंड्यावर हात ठेवला. हळूहळू, वरून खालपर्यंत, न्हाऊ घालावं तसा भंडारा लावला. घाई करायचं कारण नव्हतं.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. गवंडी तंबाखू मळत बसला, बायका अंजनाला धरून परतल्या. हंबीररावांनी बिराप्पाला विचारलं, तट्टू का भरलंय, अजून वरचं रान बसवायचंय न्हवं? बिराप्पा म्हणाला, व्हय व्हय, आत्ता उतरवतो, आणि दोघे बांधावरून बोलत गेले.

बनुबाई तेवढी मागे राहिली होती. घोडीच्या समाधीच्या पायरीवर बसून ती ओले केस पिळत होती. सुलाबाई तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"पाया पडू नगंस," बनुबाई म्हणाली. "देवाच्या नावानं काय काय बोलून बसलेय मी. माझं मला माहीत."

सुलाबाई पाया पडली नाही. ती खाली, गवतावर बसली. मग तिने विचारलं,

"आक्का, कंच्या गुडघ्याला खरचटलं हुतं?"

"अगं..." बनुबाई म्हणाली, आणि तिने सुलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे केस पिळणारे हात थांबले. धुकं विरळ होत होतं आणि नदीच्या बाजूचं पाणी आता जरा जरा दिसू लागलं होतं.

"डाव्या," ती म्हणाली. "पडली असंल कुटं तरी. लय धावती."

"आनि केसं?"

"केसं तुज्यासारखीच. राठ. विंचरल्याली न्हवती."

"बसत नसंल एका जागी."

"न्हाई बसत. मी म्हनलं बस, तर पार तिकडं पळाली." बनुबाईने नदीकडे हात केला.

सुलाबाई त्या हाताच्या दिशेने बघत होती. मग ती आणखी जवळ सरकली, पार पायरीला टेकून.

"अजून सांगा," ती म्हणाली.

बनुबाईने पदर नीट केला आणि ती आठवून आठवून सांगू लागली.